आमचा ज्योतिष विभाग

हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्याकडे किस्से असतात, कारण तिथे माणसं आजारी पडतात. पोलिसाकडे असतात, कारण चोऱ्या होतात. आम्हाला पगार मिळतो तो काहीच घडू नये म्हणून. त्यामुळे आमच्याकडे सांगण्यासारखं काय असणार, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण सोयाबीनच्या कारखान्यात मशीन कितीही झाकलं तरी त्यावर भुसा बसतोच. किस्से तसेच बसतात. कुणी गोळा करत नाही. एक दिवस सहज हात फिरवला की कळतं, थर साचलाय.

कारखाना इंदूरच्या बाहेर, सांवेरच्या रस्त्याला. सोयाबीनमधून तेल काढतात. मी मूळचा नाशिकचा. मशीनवर सेन्सर बसवणं आणि ते चालू ठेवणं हे माझं काम. सेन्सर मशीनची थरथर मोजतो, ताप मोजतो, आकडे कॉम्प्युटरवर येतात आणि मशीन बंद पडायच्या आधीच आम्ही ओरडायचं की बाबांनो, हे जाणार आहे. याला प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स असं भारदस्त नाव आहे.

विभागात माणसं तीन. मुख्य मुळेसाहेब, पक्के इंदुरी. पूर्वज होळकरांच्या कचेरीत होते, घर बड्या गणपतीजवळ. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असते, पण तसं म्हटलं की ते म्हणतात, "भिया, आमचीच असली आहे. तुमच्याकडची बाद में बिगडली."

दुसरी तृप्ती, सांगलीची. सेन्सरचे आलेख वाचणं तिचं काम. आमच्यात खरं डोकं तिचंच. ती वर्षाच्या काँट्रॅक्टवर आली, पण आली ती संसार घेऊन. नवऱ्यानं तिकडची नोकरी सोडली, मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलं. ती मुलगी आता बापालाही "भिया" म्हणते, म्हणजे इंदुरी भैया.

आणि तिसरा मी.

हे सगळं सुरू केलं मालकांच्या मुलानं. त्यांना सगळे छोटे सेठ म्हणतात. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी ही उपकरणं पाहिली आणि घेऊन टाकली. पण एका पावसाळ्यात त्यांनी मुळेसाहेबांना बोलावून स्वच्छ सांगितलं, "मुळेजी, मार्च में बताना आपके डिपार्टमेंट ने बचाया क्या. कुछ दिखा नहीं, तो तृप्तीजी का कॉन्ट्रैक्ट आगे नहीं बढ़ा पाऊँगा."

म्हणणं रास्त होतं. अडचण एवढीच, की मोडलेली वस्तू दाखवता येते. न मोडलेली कशी दाखवायची?

*

विभागाचं बारसं केलं राठौरजींनी.

राठौरजी म्हणजे प्रॉडक्शनचे मुख्य. राहणार सांवेरचे. कारखाना चोवीस तास पळवायची जबाबदारी त्यांची, आणि कुठल्याही मशीनबद्दल त्यांचं एकच मत: "चल तो रही है ना, भिया?" चालत असेल तर हात लावायचा नाही. बंद पडली तर बघू.

आम्ही मशीनचं भविष्य सांगतो हे कळल्यावर ते आमच्या खोलीत आले आणि तृप्तीपुढे तळहात पसरला. "ज्योतिषीजी, लगे हाथ मेरा भी देख लो. प्रमोशन कब है?"

दारात त्यांची माणसं उभी होती, हसायला तयार. तृप्तीनं हात नीट धरला, उजेडाकडे वळवला आणि सांगलीच्या हिंदीत म्हणाली, "सर, पहले हाथ धोके आओ. ग्रीस में रेखा नहीं दिखती."

माणसं हसली, पण राठौरजींना. त्यांनी हात मागे घेतला, नाव मात्र ठेवून गेले. आठवडाभरात कँटीनवालासुद्धा ओरडायला लागला, "ज्योतिषवालों के तीन पोहे!"

*

मोठ्या गिअरबॉक्सवर आम्ही उष्णतेचा कॅमेरा लावला होता. उंचावर, कायमचा. त्यात गरम भाग पिवळा दिसतो, थंड भाग निळा.

पावसाळ्यात एक दिवस तृप्तीला त्या पिवळ्या गिअरबॉक्सवर मधोमध एक निळा ठिपका दिसला. गोल. तापलेल्या जागी थंड ठिपका म्हणजे काय? तिनं पुस्तकं काढली. पुण्याला कॅमेरावाल्या कंपनीला फोन केला. त्यांनी फोटो मागवला आणि गंभीर आवाजात सांगितलं की असं याआधी कधी पाहिलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर ठिपका गायब. दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्या दिवशी ठिपका चौकोनी झाला.

तेव्हा मुळेसाहेब म्हणाले, "बेटा, अपन खाली जाऊन बघू या ना." आम्ही खाली गेलो. गिअरबॉक्सवर स्टीलचा डबा ठेवला होता. चकचकीत स्टील त्या कॅमेऱ्याला थंडच दिसतं, आतली डाळ कितीही गरम असो. आदल्या दिवशीचा गोल डबा घरी राहिला होता, म्हणून आज चौकोनी.

ऑपरेटरनं डबा उचलायच्या आधी मुळेसाहेबांकडे बघितलं. "हटा दूँ, साहब?"

"रहने दे अब," मुळेसाहेब म्हणाले. "अभी गरम नहीं हुआ."

पुण्याच्या कंपनीला आम्ही काही कळवलं नाही. ते अजूनही त्यावर विचार करत असतील.

*

स्क्रीनवर प्रत्येक मशीनपुढे एक दिवा असतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे उघडून बघा. कन्व्हेयरची एक मोटर बरेच दिवस लाल होती. आम्ही सांगत होतो, राठौरजी ऐकत नव्हते. एक दिवस सकाळी बघतो तर मोटर हिरवीगार.

मी खूश झालो. तृप्ती झाली नाही. "मशीनला आपोआप बरं वाटत नसतं," म्हणाली आणि खाली गेली. मी मागोमाग.

आमचे सेन्सर लोहचुंबकानं चिकटतात. मोटरवरचा सेन्सर कुणीतरी अलगद काढून शेजारच्या कठड्याला चिकटवला होता. मी सुपरवायझरला विचारलं. त्यानं अजिबात लपवलं नाही. "सर, वहाँ लाल बता रहा था. यहाँ हरा बता रहा है. ये जगह अच्छी है."

मुळेसाहेब तावातावानं राठौरजींकडे गेले. राठौरजी म्हणाले, "तो गलत क्या किया? लाल बत्ती देख के लेबर घबराती है."

मुळेसाहेबांना त्या वेळी उत्तर सुचलं नाही. ते त्यांना बड्या गणपतीला घरी पोचल्यावर सुचलं, आणि त्यांनी मला फोन करून सांगितलं: "उद्या त्याला म्हणतो, बुखार आला की थर्मामीटर उशीला लाव."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले नाहीत. भला माणूस आहे. पण त्या दिवसापासून मी सेन्सर स्क्रूनं बसवतो.

*

दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा होते. त्याच सुमाराला नवं सोयाबीन यायला लागतं, म्हणजे पुढचे काही महिने कारखान्याला दम घ्यायला सवड नसते. म्हणून पूजा जोरात.

सगळ्यात मोठा मान बॉयलरच्या पंख्याचा. हा पंखा बॉयलरमधला धूर ओढून धुराड्यात ढकलतो. पंखा थांबला की बॉयलर थांबतो आणि बॉयलर थांबला की सगळा कारखाना. त्यामुळे त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू आणि नारळ. माझ्या सेन्सरलाही टिळा लागला होता. नारळ राठौरजींनी स्वतः फोडला, प्रथेप्रमाणे पंख्याच्या लोखंडी बैठकीवर, एका घावात.

छोटे सेठ त्या दिवशी सासुरवाडीला, रतलामला होते. मोठा झटका बसला की सेन्सरचा संदेश थेट त्यांच्या मोबाइलवर जातो. आरती चालू असतानाच मुळेसाहेबांचा फोन वाजला.

"मुळेजी, पंखे पर भारी झटका बता रहा है! क्या टूटा?"

मुळेसाहेबांनी घंटा वाजवणाऱ्याला हातानं थांबवलं. "नारियल टूटा है, सेठ."

मग छोटे सेठ म्हणाले, "एक ही बार में टूटा?"

"एक ही बार में."

"फिर ठीक है," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता दसऱ्याला मी आधी सेन्सर काढतो, मग नारळ फुटतो, मग मी सेन्सर परत बसवतो. आमच्या कामाच्या पद्धतीत तसं लिहिलेलंच आहे.

गंमत इथेच संपली असती. पण तृप्ती दुसऱ्या दिवशी तो नारळाचा आलेख बघत बसली होती. मग तिनं आलेख मोठा केला. नारळाचा झटका एकदाच होता. त्याच्या आधी आणि नंतर एक बारीक ठोका होता, ठरावीक अंतरानं येणारा. तो नारळाचा नव्हता. पंख्याच्या बेअरिंगचा होता.

*

पंखा थोडा वेळ थांबवा, बेअरिंग बदलायचंय, असं राठौरजींना ऐन हंगामात सांगायला जाणं म्हणजे वरात निघाल्यावर नवऱ्या मुलाला घोड्यावरून उतर म्हणण्यासारखं.

"चल तो रहा है ना?" राठौरजी.

"सर, चल रहा है इसीलिए तो बोल रही हूँ," तृप्ती म्हणाली. "बंद पड़ने के बाद तो आप ही बोलेंगे."

राठौरजींनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. सोयाबीनचे ट्रक फाटकापासून पार वळणापर्यंत उभे होते. "इनको आप समझा दो, ज्योतिषीजी. फिर मैं रोकता हूँ."

मुळेसाहेबांनी दुसरा मार्ग धरला. ते रोज सकाळी येताना गरम कचोऱ्या आणायचे आणि राठौरजींच्या टेबलावर ठेवून पंख्याचा विषय काढायचे. राठौरजी कचोरी खायचे, चटणीची तारीफ करायचे आणि नाही म्हणायचे. दिवाळी होऊन गेली तरी हेच. ठोका मात्र वाढत होता. तृप्ती रोज आली की पर्ससुद्धा न ठेवता आधी तो आलेख बघायची.

मग एक दिवस विजेच्या लाइनमध्ये काहीतरी बिघाड झाला आणि दुपारभर सगळा भाग बंद. राठौरजी स्वतः आमच्या दाराशी आले. आत नाही आले. "लाइट नहीं है. जो करना है कर लो. पर मशीन मैंने नहीं रोकी, ये याद रखना."

बेअरिंग काढलं, डिझेलनं धुतलं, बाहेरची कडी तिरपी करून आतली गुळगुळीत वाट उजेडात धरली. तिथे एक खड्डा होता. तिळाएवढा.

राठौरजींनी चष्मा लावला. "ये?" त्यांनी बेअरिंग बोटानं फिरवलं. ते मजेत फिरलं. "इस तिल के लिए जान खा रखी थी?"

फिटर हसले. राठौरजी हसले. आणि मुळेसाहेबही थोडेसे हसले. तृप्तीनं ते पाहिलं. ती एवढंच म्हणाली की हा खड्डा वाढत जातो आणि एकदा वाढायला लागला की थांबत नाही. पण खड्डा समोर होता तेवढाच होता, आणि पुढचा कुणालाच दिसणार नव्हता, कारण तिनं तो होऊच दिला नव्हता.

परत येताना मुळेसाहेब मला हळूच म्हणाले, "भिया, खरं सांगू का? थोडं अजून खराब झालं असतं ना, तर बरं झालं असतं. मार्चमध्ये दाखवायला काही तरी असतं."

मला फार वाईट वाटलं. वाक्य चुकीचं नव्हतं म्हणून जास्तच वाटलं. बेअरिंग त्यांनी आपल्या टेबलावर ठेवलं, कागद उडू नयेत म्हणून.

*

लग्नसराईच्या थोडं आधी राठौरजी आमच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"वो जो हाथ में पकड़ने वाली मशीन है," ते तृप्तीला म्हणाले, "वो बाहर काम करती है क्या?"

त्यांच्या धाकट्या भावाची सांवेरला पिठाची गिरणी आहे. आवाज करत होती म्हणे. राठौरजींना काही तसं वाटत नव्हतं, पण आपली एक खातरजमा. रविवारी आम्ही गेलो. तृप्तीचा नवरा आणि मुलगीही होती, कारण जेवायला दालबाफले होते, डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे.

तृप्तीनं गिरणीला थरथर मोजायचं ते उपकरण लावलं, थोडा वेळ ऐकलं, दुसऱ्या बाजूनं लावलं. "बेअरिंग गया है, सर. शादी तक नहीं टिकेगा." लग्न त्याच भावाच्या मुलीचं होतं.

राठौरजी भावाला म्हणाले, "बदल दे."

भाऊ पिठाचे हात झटकत म्हणाला, "दादा, चल तो री है."

मी राठौरजींकडे पाहिलं. राठौरजी अंगणात बांधलेल्या म्हशीकडे बघत होते. बाफले मात्र उत्तम होते.

पुढचं आम्हाला कारखान्याच्या ड्रायव्हरकडून कळलं. जेवणावळीचं पीठ दळायला घेतलं आणि गिरणी जी अडकली ती अडकलीच. घरात गिरणी असून राठौरजी ऐन लग्नघटकेला गावात दारोदार पीठ मागत फिरत होते.

कारखान्यात ते या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. मुळेसाहेबांनी फक्त एकदा कँटीनमध्ये पुरी हातात धरून म्हटलं, "क्या फूली है, राठौरजी. आटा कहाँ का है?"

राठौरजींनी पुरी खाल्ली आणि ताट उचलून निघून गेले.

*

मार्च आला. छोट्या सेठांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं एका बाजूला बसलो, राठौरजी समोर. मधे कचोऱ्यांची बशी. मुळेसाहेबांनी ते बेअरिंग वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. दुसरं आणण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

तृप्तीनं आलेख दाखवले. दसऱ्याचा, दिवाळीचा, बेअरिंग बदलल्यानंतरचा. छान समजावून सांगितलं. छोटे सेठ मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष वर्तमानपत्राकडे होतं. शेवटी त्यांनी बेअरिंग उचललं आणि बोटानं फिरवलं.

"घूम तो मस्त रहा है. दाग कहाँ है?"

तृप्तीनं कडी तिरपी करून दाखवला.

"बस, इतना सा?"

"हा वाढला असता..." मुळेसाहेब मराठीतच बोलून गेले, मग सावरून हिंदीत म्हणाले, "सेठ, ये बढ़ता. सीझन के बीच में पंखा जाता, बॉयलर जाता, सब रुक जाता."

"पर रुका तो नहीं ना." छोटे सेठ माणूस वाईट नाही. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "बुरा मत मानना, मुळेजी. पुराना भी चल रहा था, नया भी चल रहा है. इसमें हमने बचाया क्या, मुझे तो दिख नहीं रहा."

तृप्तीनं लॅपटॉप हळूच मिटला. तिच्या मुलीच्या शाळेचा पुढच्या वर्षाचा गणवेश शिवायला टाकायचा की नाही, हे तिनं सकाळीच मला विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, आजच्या मीटिंगनंतर ठरव.

छोट्या सेठांनी बेअरिंग पुन्हा एकदा फिरवलं. "अच्छी चीज़ है, फेंकना मत. स्टोर में रखवा दो. अगली बार पंखे में यही लगा देंगे. क्यों राठौरजी, चल जाएगा ना?"

प्रश्न राठौरजींसाठीच बेतलेला होता. उत्तर केबिनमधल्या सगळ्यांना पाठ होतं. मी पेनाचं टोपण लावलं.

राठौरजींनी हातातली कचोरी बशीत ठेवली. बोटं रुमालाला पुसली, चष्मा लावला आणि बेअरिंग हातात घेतलं. फिरवलं नाही. कडी तिरपी करून तो तीळ शोधला आणि बराच वेळ बघत राहिले.

"राठौरजी?" छोटे सेठ म्हणाले.

राठौरजींनी बेअरिंग टेबलावर ठेवलं आणि दोन बोटांनी सरकवत तृप्तीच्या पुढ्यात नेलं.

"मुझसे क्या पूछते हो, सेठ," ते म्हणाले. "ज्योतिषीजी बैठी हैं, उनसे पूछो."